तीन रेषांना १२ मॉड्यूल, चौथी आली की अनंत. असं का होते?

प्रश्न:
नमस्कार. मी दिग्रस तालुक्यातल्या खेड्यातून एम.एस्सी. गणित करून राहिलो. हा विषय आमच्या कॉलेजात शिकवत नाही, मोबाईलवर पीडीएफ वाचतो. मधे एक बिंदू, बाजूच्या तीन बिंदूंवरून मधल्याकडे बाण, म्हणजे डी-४ क्विव्हर (बिंदू आणि बाणांची आकृती). याचं मॉड्यूल म्हणजे प्रत्येक बिंदूवर एक व्हेक्टर स्पेस, प्रत्येक बाणावर लिनियर मॅप. त्यातले इनडिकम्पोजेबल, म्हणजे दोन लहान मॉड्यूलमध्ये न फुटणारे, मोजले. मधे डायमेन्शन ० असलं तर ३. मधे १ असलं तर बाजूला ० किंवा १, म्हणून ८. आणि मधे २, बाजूला १-१-१ असा एक, म्हणजे मधल्या जागेत तीन वेगवेगळ्या रेषा. झाले १२. हा शेवटचाच अडते. दोन डायमेन्शनची जागा तर फुटतेच ना? आणि चौथ्या बाणानं अनंत कसे होतात? इथं विचारायला कोणी नाही जी.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, वर्धा जिल्हा):
बेटा, मोजणी बरोबर आहे. पण नुसती मधली जागा फोडून भागत नाही. दिलेली प्रत्येक रेष कोणत्यातरी एका तुकड्यात अख्खी बसली पाहिजे. वेगवेगळ्या रेषा तीन, तुकडे दोन. एक बाहेर राहतेच.

आता बेसिस अशी घे की पहिली रेष (१,०) वर येईल, दुसरी (०,१) वर. स्केल करून तिसरी (१,१) वर आण. झालं, सगळी मोकळीक संपली! चौथी (१,क) असेल तर तिला हलवायला हातात काहीच नाही. क बदलला की मॉड्यूल बदललं, आणि फील्ड अनंत असेल तर असे क अनंत. प्रोजेक्टिव्ह भूमितीतला क्रॉस रेशो (चार रेषांचा न बदलणारा आकडा) तो हाच.

प्रश्नकर्ता:
सर, करून पाहिलं. दोन बाय दोन मॅट्रिक्स घेतली. पहिल्या रेषेनं खालचं डावं पद शून्य, दुसरीनं वरचं उजवं शून्य, तिसरीनं कर्णावरची दोन्ही सारखी. उरला फक्त स्केलर. एंडोमॉर्फिझम रिंग (मॉड्यूलच्या स्वतःवरच्या मॅपची रिंग) फील्डच निघाली, म्हणजे लोकल, म्हणून मॉड्यूल फुटत नाही! मग हे मॉड्यूल सिंपल (आत लहान सबमॉड्यूल नसलेलं) झालं का?

उत्तर (अमरावती):
नाही भाऊ. मधली जागा तशीच ठेव, बाजूला सगळीकडे शून्य घे. ते सबमॉड्यूल आहे. सिंपल चारच, प्रत्येक बिंदूला एक. सिंपल असेल तर एंडोमॉर्फिझम रिंग डिव्हिजन रिंग, हा शूरचा लेमा; तो उलटा लावू नको, इथं पुष्कळ जण फसतात.

गाब्रिएलनं १९७२ मध्ये सिद्ध केलं की जोडलेल्या क्विव्हरचे इनडिकम्पोजेबल मर्यादित असतात ते फक्त ए, डी आणि ई-६, ई-७, ई-८ या आकृत्यांनाच. बाणांची दिशा कोणतीही चालते. संख्या त्या आकृतीच्या रूट सिस्टिममधल्या पॉझिटिव्ह रूट्सएवढी: डी-४ ला तुझेच १२, ई-८ ला १२०. चार बाणांची पूर्ण यादी गेलफांड-पोनोमारेव यांच्या १९७० च्या कामात आहे. पाचवा बाण मात्र आत्ताच जोडू नको, तिथून वाइल्ड सुरू होते, म्हणजे नीट यादी करायची आशाच राहत नाही.