मदत हवी आहे: रक्ताची सॅम्पल सतत हिमोलाइज होताहेत (लाल पेशी फुटताहेत)

नमस्कार मंडळी. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून तालुक्याच्या एका लॅबमध्ये असिस्टंट म्हणून लागले, त्याला चार महिने झाले. काम आवडतं, पण एका गोष्टीने पार वैतागलेय. मी काढलेली आठवड्याला तीन-चार सॅम्पल तरी सेंट्रिफ्यूजमधून (रक्त गरगर फिरवून वेगळं करणाऱ्या मशीनमधून) बाहेर येतात ती कोकम सरबतासारखी लाल. फुटलेल्या पेशींतलं पोटॅशियम मिसळून काल एका आजोबांचं पोटॅशियम खोटंच वाढून ५.९ आलं. सरांनी परत काढायला लावलं, तर ४.३. आजोबा हात पुढे करत म्हणाले, "पोरी, थोडं शिल्लक ठेव गं." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हॅक्युटेनर (रक्त आपोआप ओढून घेणारी निर्वात ट्यूब) आमच्याकडे नाही. सिरिंज आणि २३ नंबरची निळी सुई. स्पिरिट वाळू देते, ट्यूब भरताना सुई काढून कडेने हळू सोडते. लाल ट्यूब आधी, जांभळी नंतर, त्यामुळे जांभळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) मिसळून पोटॅशियम वाढल्याचा संशय नको. टूर्निके (दंडाला आवळायचा पट्टा) मात्र शीर सापडेपर्यंत राहतं, कधी दोन मिनिटंसुद्धा. घोळ तिथेच असेल का? की माझ्याकडून पिस्टन जोरात ओढला जातोय? २१ची जाड हिरवी सुई घ्यावी, तर वयस्कर माणसांच्या बारीक शिरा फुटतात.

तुम्ही लोक अशा शिरांना काय करता?