मदत हवी आहे: कारच्या बॅटरीवरून बाइक जंप-स्टार्ट करायची आहे, काळी केबल नक्की कुठे लावू?

नमस्कार मंडळी,

बाइक बरेच दिवस नुसती उभी होती. आज सेल्फ मारला तर फक्त कट्-कट्-कट्. मीटर विझतो, पुन्हा पेटतो, इंजिन मात्र ढिम्म. गाडी फ्युएल इंजेक्शनची आहे, किक नाही. बॅटरी १२ व्होल्ट, ९ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे तिची क्षमता), सीलबंद लेड-अ‍ॅसिड, लिथियम नव्हे. मल्टिमीटरवर ११.४ व्होल्ट दिसले. बॅटरी फुगलेली नाही, गळत नाही, टर्मिनल घट्ट आहेत. फ्यूजही तपासला, शाबूत आहे.

कार आहे, जंपर केबलही आहेत. पण एक जण म्हणतो कार चालू ठेव, दुसरा म्हणतो चालू ठेवलीस तर बाइकचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जळेल. दोघेही तितक्याच ठामपणे! शिवाय शेवटचा काळा चिमटा बॅटरीला लावायचा नसतो म्हणे. मग लावायचा कुठे? सगळीकडे प्लास्टिक आणि रंग. धक्का मारून होईल का, तेही सांगा.

प्रतिसाद १

कार बंदच ठेवा. दोन्हीकडे १२ व्होल्ट आहेत, त्यामुळे स्टार्टर मोटर तिला लागेल तेवढाच करंट घेणार. कारची बॅटरी मोठी आहे म्हणून बाइक जळत नाही. कार चालू केली की मात्र व्होल्टेज १४ च्या आसपास जातं आणि मागे तिचा दणकट अल्टरनेटर (इंजिनावर चालणारा वीज बनवणारा भाग) असतो. तुमच्या एवढ्याशा बॅटरीत तो करंट कोंबायची गरज काय? बाइकचं इंजिन फिरवायला कारची बॅटरी एकटी पुरून उरते.

दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका, दोन्हींच्या किल्ल्या बंद. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढा. लाल चिमटा आधी बाइकच्या प्लसला, दुसरा लाल कारच्या प्लसला, मग काळा कारच्या मायनसला. उरलेला काळा बाइकच्या इंजिनवर एखाद्या जाड, रंग नसलेल्या बोल्टला किंवा चॅसीच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असू शकतो, म्हणून हा खटाटोप.

खरी गोची चिमट्यांच्या आकाराची आहे. कारच्या केबलचे जबडे मोठे, बाइकची टर्मिनलं बोटाच्या पेराएवढी, आणि शेजारीच चॅसीची पट्टी. लाल जबड्याचं एक टोक तिला टेकलं की थेट शॉर्ट. जबड्याच्या टोकानेच बोल्ट पकडा आणि मधे रबराचा तुकडा सरकवा. हात सोडून चिमटा हलत नाही ना, हे बघितल्याशिवाय पुढचा लावू नका.

सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. नाही झाली तर थोडं थांबून पुन्हा. सुरू झाली की काढताना बरोबर उलट: बाइकवरचा काळा, कारचा काळा, कारचा लाल, बाइकचा लाल.

प्रतिसाद २

धक्क्याचं मी सांगतो. किल्ली फिरवल्यावर टाकीखालून पंपाचा दोन-तीन सेकंद ‘सूंऽऽ’ येतो का ऐका. येत असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून पळवा, वेग आला की झटक्यात सोडा. पंप मुका असेल तर कितीही पळवा, पेट्रोलच पोचणार नाही. जुन्या कार्बोरेटरवाल्यांचे सल्ले इथे चालत नाहीत.

आणि एक, गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघू’ हा प्रयोग कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. बॅटरी मधून गेली की व्होल्टेज उसळतं आणि तेव्हा ईसीयू खरंच जातो.

धागाकर्ता

झाली सुरू! पंपाचा आवाज येत होता, पण एकट्याने पळवायचा उत्साह नव्हता, म्हणून केबलच लावल्या. काळ्यासाठी इंजिनच्या माउंटिंगचा बोल्ट मिळाला. लगेच मोजलं: आयडलला १३.५, रेस दिल्यावर १४.२. नंतर चार्जरवर पूर्ण भरून रात्रभर तशीच सोडली. सकाळी १२.६ होते, पण सेल्फ दाबताना ८.८ पर्यंत कोसळतात. गाडी सुरू होते, कण्हत. चार्जिंगमध्ये दोष की बॅटरीत?

प्रतिसाद १

१४.२ म्हणजे चार्जिंग ठणठणीत, रेक्टिफायरला (बॅटरीला चार्जिंग पुरवणाऱ्या भागाला) हात लावू नका. उभ्या बॅटरीचे १२.६ फसवे असतात, लोड आल्यावर काय उरतं ते महत्त्वाचं. भरलेली असूनही ९.५ च्या खाली जातेय म्हणजे बॅटरी थकली. त्याच एएचची नवी बसवा. पुढे गाडी उभी राहणार असेल तर मायनसची वायर काढून ठेवा, नाहीतर घड्याळ आणि अलार्म तिलाही हळूहळू पिऊन टाकतील. चार्जर लावलात तर ९ एएचला ०.९ अँपिअरच्या आसपास ठेवा, कारचा मोठा चार्जर नको.