मदत हवी आहे: सदस्याच्या मुलाला ग्रामपंचायतीचं काम, तक्रार कुठे करू?

राम राम मंडळी. आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, तापीकाठी. नाव सांगत नाही, कारण समजून घ्या.

गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवायचं काम निघालं आणि ते मिळालं एका ग्रामपंचायत सदस्याच्याच मुलाला. पहिल्या पावसात ब्लॉक खचले. विचारलं तर म्हणतात, "मुलगा विभक्त आहे, रेशनकार्ड वेगळं आहे." पण ट्रॅक्टर बापाचा, कामावर देखरेख बापाची, आणि मासिक सभेत बिल मंजूर करायला हात वर करणाराही बापच! चूल तेवढी वेगळी.

मी वाचलं त्याप्रमाणे 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात कलम 14 आहे: पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर सदस्य अपात्र ठरतो, आणि निर्णय कलम 16 खाली जिल्हाधिकारी देतात. माझी गाडी अडली ती 'अप्रत्यक्ष' या शब्दावर. विभक्त मुलाचं काम त्यात बसवायला कागद कोणते लागतात? बँकेचे व्यवहार, ट्रॅक्टरचं आरसी, सभेचं इतिवृत्त, अजून काय?

दुसरं, ग्रामसेवकाला हे सगळं माहीत होतं. त्यांना 1967 चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम लागू आहेत ना? मग त्यांची तक्रार बीडीओंकडे (गटविकास अधिकारी) द्यावी की थेट जिल्हा परिषदेच्या सीईओंकडे (मुख्य कार्यकारी अधिकारी)?

माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, 30 दिवस अजून व्हायचेत. धुळे-नंदुरबारकडे कोणी असं प्रकरण शेवटपर्यंत लढवलं असेल तर अनुभव सांगा. वकिलाची फी किती पडली तेही सांगा भो, कापसाचा पैसा अजून हातात नाही.