फॉरेन की डेटाबेसमध्येच हवी, की कोडमध्ये सांभाळली तरी चालते?

जुना_डीबीए
मुलाखतीला येणारी मुलं जॉइन, म्हणजे दोन टेबलांच्या ओळी जुळवणारी क्वेरी, झरझर लिहितात. टेबलांचं नातं कुठे नोंदवलंय विचारलं, की उत्तर येतं, 'मॉडेलच्या फाइलमध्ये', म्हणजे कोडमध्ये. मला हे पटत नाही. नातं डेटाबेसलाच माहीत असलं पाहिजे. फॉरेन की म्हणजे तेच: या कॉलममधला क्रमांक त्या दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे, हा डेटाबेसने स्वतः पाळायचा नियम.

ग्रंथालयाचं उदाहरण घ्या. एका पुस्तकाच्या अनेक प्रती, म्हणून प्रतींच्या टेबलात पुस्तक क्रमांक. एका पुस्तकाचे अनेक लेखक आणि एका लेखकाची अनेक पुस्तकं, म्हणून मध्ये तिसरं टेबल. देवघेवीच्या प्रत्येक ओळीत सभासद क्रमांक. आता फॉरेन की नाही आणि कुणी सभासदाची ओळ उडवली, तर देवघेवीच्या ओळी अनाथ होतात. इनर जॉइन दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी दाखवतो, म्हणून त्यात त्या गळून पडतात, आणि बाहेर गेलेलं पुस्तक थकीत यादीत दिसतच नाही. एररही येत नाही! माझा सगळा राग या गुपचूपपणावर आहे.

शार्डवाला
असहमत. डेटा अनेक सर्व्हरांवर वाटला, की मायएसक्यूएलमध्ये एका सर्व्हरवरची फॉरेन की दुसऱ्यावरचं टेबल तपासू शकत नाही. शिवाय इनोडीबीत (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) चाइल्ड ओळ (जसं देवघेव) घालताना ती जिच्याकडे बोट दाखवते त्या पॅरेंट ओळीवर (जसं सभासद) शेअर्ड लॉक लागतो, म्हणजे तोवर ती कुणाला बदलता येत नाही. तीच ओळ सतत अपडेट होत असेल तर रांग लागते, डेडलॉकही होतात, म्हणजे दोघं एकमेकांची वाट पाहत अडकतात. आम्ही कोडमध्ये तपासतो आणि रात्री अनाथ ओळी शोधणारा जॉब चालवतो. कॅस्केडची (पॅरेंट काढली की चाइल्ड ओळीही आपोआप काढणं) भीती वेगळीच, एका डिलीटमध्ये सगळा इतिहास साफ.

जुना_डीबीए
शार्डिंगचा, म्हणजे डेटा सर्व्हरांवर वाटण्याचा, मुद्दा खरा आहे, पण इथल्या किती जणांचा डेटा एका सर्व्हरवर मावत नाही? आणि कोडमधल्या तपासणीत फट राहते. 'सभासद आहे का' हे पाहणं आणि देवघेव नोंदवणं, या दोन्हींच्या मध्ये दुसऱ्या ट्रान्झॅक्शनने (त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या कामाने) सभासद काढला तर? फॉरेन की तीच फट बुजवते. कॅस्केड सक्तीचं नाही. काहीच लिहिलं नाही तर डेटाबेस डिलीट नाकारतो. देवघेवीला तेच ठेवा, कॅस्केड फक्त लेखक-पुस्तक जोडटेबलाला.

रिपोर्टवाली
कोड तुमच्या हातात असतो, माझ्या हातात फक्त टेबलं येतात. फॉरेन की नसली की कॉलमांच्या नावांवरून नाती ओळखत बसायचं. एकीकडे 'मेंबर_आयडी', दुसरीकडे 'कार्ड_नं', आणि विचारायचं कुणाला? लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. रात्रीचा जॉब अनाथ ओळ सापडल्याचं सांगेल, ती कुणाची होती हे नाही सांगणार.

शिकाऊ
मी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये फॉरेन की दिली, तरी चुकीचा क्रमांक आत गेला. का?

जुना_डीबीए
तिथे तपासणी मुळात बंद असते. प्रत्येक कनेक्शनला 'प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन' द्यावं लागतं. जुन्या मायएसक्यूएलच्या मायआयसॅम (इनोडीबीआधीचं डीफॉल्ट इंजिन) टेबलांतही असंच, फॉरेन की लिहिलेली चालायची आणि दुर्लक्षिली जायची. ५.५ पासून इनोडीबी डीफॉल्ट झालं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चाइल्ड कॉलमवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आपोआप बनत नाही, तो स्वतः टाका. नाहीतर पॅरेंटची एक ओळ काढताना अख्खं चाइल्ड टेबल चाळलं जातं, आणि बोल लागतो फॉरेन कीला.

शार्डवाला
इंडेक्सचं मान्य. एका सर्व्हरवरच्या नव्या प्रोजेक्टला मीही फॉरेन की लावेन. पण चालू असलेल्या मोठ्या टेबलावर ती लावायला सांगाल, तर अनाथ ओळींचं काय?

जुना_डीबीए
पोस्टग्रेस असेल तर आधी 'नॉट व्हॅलिड' म्हणून लावा. नव्या ओळी त्या क्षणापासून तपासल्या जातात. मग जुन्या ओळी सवडीने निस्तरा आणि 'व्हॅलिडेट' चालवा.