हळद बाजारातील दरोड्याचा विनोदी लघुपट : कोणाच्या हाती कोणते शस्त्र द्यावे?

सौदा_सकाळचा यांचा प्रश्न :

आम्ही सांगलीतील काही हौशी मंडळी एक विनोदी गुन्हेपट लिहीत आहोत. काळ एप्रिल २००४ चा, म्हणजे हळदीचे सौदे भरात आलेले आणि लोकसभा निवडणुकीची धामधूमही त्याच सुमारास. मार्केट यार्डातील एका अडत्याची रोकड लुटण्याचा बेत तिघे जण आखतात, एवढीच गोष्ट आहे. सध्याच्या संहितेत अडते, त्यांचा राखणदार (निवृत्त फौजी, मूळचा सातारा जिल्ह्यातला), तिन्ही लुटारू आणि शेवटी येणारे पोलीस या सर्वांच्या हाती आम्ही सरसकट ‘पिस्तूल’ लिहून ठेवले आहे, त्यामुळे झटापटीचे सगळे प्रसंग एकसारखेच वाटू लागले आहेत. कोणाला काय शोभेल आणि त्यातून हशा कसा निघेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चारभिंती यांचे उत्तर :

राखणदारापासून सुरुवात करतो, कारण आपल्या गोष्टीतले सर्वांत रसाळ पात्र तेच आहे. फौजेतून निवृत्त झालेली पुष्कळ माणसे स्वतःच्या नावावर परवाना काढून बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचे माप) बंदूक घेतात आणि त्या बंदुकीच्या बळावर बँकेत, कारखान्यावर किंवा पेढीवर नोकरी मिळवतात. तेव्हा त्याच्या खांद्यावर दुनळीच हवी. या माणसाने उमेदीची वर्षे २० गोळ्यांच्या मॅगझिनची ७.६२ एसएलआर रायफल वागवली आहे आणि आता त्याच्या हाती अवघे दोन बार उरले आहेत, हे एकदा प्रेक्षकाला कळले की पुढचे काम बंदूकच करते. दोन बार झाले की बंदूक मधून मोडून उघडायची, रिकामी काडतुसे काढायची, पट्ट्यातली दोन नवी भरायची आणि नळ्या पुन्हा मिटवायच्या. सरावाच्या हातालाही यात काही क्षण जातात, आणि साठीकडे झुकलेल्या, जवळचा चष्मा घरी विसरलेल्या माणसाला तर बरेच जातात. तेवढ्या अवधीत लुटारूंनी पळून न जाता आपापसांत ‘आता पळायचे की नाही’ यावर वाद घालावा, असे मी सुचवीन.

लुटारूंपैकी एकाकडेच गावठी कट्टा असू द्या. तिघांकडे तीन कट्टे दिलेत तर ती टोळी होईल, आणि आपल्याला टोळी नको आहे, तीन घाबरट माणसे हवी आहेत. साधा कट्टा एकबारी असतो. त्याला मॅगझिन नसते, रिव्हॉल्व्हरसारखे गोळ्यांचे फिरते चक्रही नसते, आणि तो फुटून धरणाऱ्याचाच हात जाण्याची भीती कायम असते. म्हणून तो ज्याच्याकडे आहे त्यालाच तो नकोसा वाटावा, आणि ‘तू धर, तू धर’ करत तो तिघांत फिरत राहावा. वर्तमानपत्रात ‘एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त’ हे वाक्य आपण इतके वाचलेले आहे की शेवटी पंचनाम्यातही तेच यावे.

आयर्विनकाठ यांचे उत्तर :

चारभिंती यांच्याशी सहमत आहे; अडत्यांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो. त्यांच्याकडे नऊ एमएमचे पिस्तूल मुळीच दाखवू नका, कारण तो बोअर सामान्य परवानाधारकाला प्रतिबंधित आहे. व्यापाऱ्याच्या कमरेला शोभते ते सरकारी आयुध कारखान्याचे .३२ चे रिव्हॉल्व्हर. त्यात सहा गोळ्या बसतात आणि जुन्या ब्रिटिश वेबली रिव्हॉल्व्हरप्रमाणे ते मधून मोडून उघडते. रिव्हॉल्व्हरची रिकामी टरफले झाडल्याबरोबर बाहेर पडत नाहीत, चक्रातच राहतात. तेव्हा फरशीवर टरफले खणखणत घरंगळण्याचे दृश्य लिहिले असेल तर ते काढावे. सायलेन्सरही विसरा, कारण चक्र आणि नळी यांमधल्या फटीतून आवाज बाहेर पडतोच. ‘निर्भीक’ हे स्त्रियांसाठी काढलेले रिव्हॉल्व्हर २०१४ मधले, त्यामुळे अडत्यांच्या पत्नीच्या पर्समध्ये ते घालण्याचा मोह झाल्यास आवरावा.

खरी मेख निवडणुकीत आहे. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. बँकांच्या सुरक्षारक्षकांना सहसा सूट मिळते, पण अडत्याच्या राखणदाराला ती मिळेलच असे नाही. म्हणजे दरोड्याच्या दिवशी कायदा पाळणाऱ्या दोघांकडे फक्त पोलीस ठाण्याची पावती, आणि पेढीवर एकच शस्त्र, तेही एकबारी कट्टा. लुटारूने कट्टा रोखावा आणि अडत्यांनी खिशातून घडी घातलेली पावती काढून दाखवावी. माझ्या मते तुमचा चित्रपट इथेच आहे.

सौदा_सकाळचा :

पावतीची कल्पना फारच आवडली. मात्र मग चारभिंती यांनी सुचवलेला दुनळीचा प्रसंग हातचा जातो, आणि तोही सोडवत नाही.

चारभिंती :

सोडू नका. राखणदार निकालानंतर बंदूक परत आणतो आणि लुटारूही त्यानंतर दुसऱ्यांदा येतात, असे करता येईल.

पडद्यामागचा यांचे उत्तर :

गाय रिची यांच्या २००० सालच्या ‘स्नॅच’ या चित्रपटात लुटारूंच्या पिस्तुलांवर ‘रेप्लिका’ असे कोरलेले असते आणि समोरच्या टोनीच्या पिस्तुलावर ‘डेझर्ट ईगल पॉइंट फाइव्ह ओ’. तो प्रसंग निव्वळ बोलण्यावर तरतो. पावतीच्या प्रसंगातही गोळी झाडू नये, असे मला वाटते. पोलिसांसाठी २००४ सालात .३०३ रायफल अगदी योग्य ठरेल. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागेपुढे करावा लागत असल्याने तिथेही तुम्हाला वेळ मिळेल.

चित्रीकरणाबाबत इतकेच, की लाकडी किंवा रबरी नकला वापराव्यात आणि जाळ व आवाज संकलनात घालावेत. बार उडवणारी, पण गोळी नसलेली कोरी काडतुसेही निरुपद्रवी नसतात. १९९३ मध्ये अभिनेते ब्रँडन ली यांचा चित्रीकरणातच मृत्यू झाला, कारण नळीत आधीपासून अडकलेला गोळीचा तुकडा कोऱ्या काडतुसाच्या दाबाने बाहेर फेकला गेला. मार्केट यार्डात नकली बंदूक घेऊन उभे राहण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवून त्याची पोच घ्यावी आणि ती कॅमेऱ्यामागे असलेल्या माणसाच्या खिशात ठेवावी, कारण हमालांपैकी कोणी घाबरून फोन केला तर आधी त्यालाच विचारणा होईल.