आगोट (पावसाळ्याआधीची बेगमी), पुस्तकं आणि माळा (घरच्या ग्रुपवरून)

रंजनाकाकू, चिपळूण: वाळवणं उतरवली आज सगळी. कुरडया पापड डब्यात गेले, आमसुलं अजून दोन उन्हं मागतायत पण ढग बघून विश्वास वाटत नाही, 2025 ला आठवतंय ना मे मधेच कोसळायला लागला आणि 26 मे ला मान्सून मुंबईत हजर, आमची फणसाची साटं ओलीच गुंडाळायला लागली होती. आता कांदे लसूण टांगायचेत आणि ह्यांची पुस्तकं चढवायचीत. पुस्तकांचं ह्यांनाच विचारा, मी हात लावणार नाही

सोनल, पुणे: काका सगळी माळ्यावर गेली तर पावसात वाचणार काय तुम्ही? लाईट नसते, नेट नसतं, काकू म्हणते तुम्ही नुसते गॅलरीत येरझारा घालता

अप्पाकाका: माळा म्हणजे माळाच. खाली एकही नाही.

सोनल: थांबा ना. मला वाटतं प्रत्येकाने एकेक पुस्तक सांगायचं, खाली ठेवण्यासारखं. त्याची एक पिशवी, बाकीचं वर. आणि सोबत पावसात करता येईल असा एक पदार्थ पण सांगा, गॅस जपून वापरायचा असतो तेव्हाचा

विकास, ठाणे: भारी आयडिया. हे घ्या, ऑफिसच्या ग्रुपवर आलेली आपत्कालीन बॅगची यादी, 72 तासांची. शिट्टी, कॅन ओपनर, तंबू, थर्मल ब्लँकेट, बीन्सचे डबे, वॉटर फिल्टर स्ट्रॉ, होकायंत्र…

रंजनाकाकू: होकायंत्र कशाला रे, आमचा मार्कंडी भाग कुठल्या दिशेला आहे ते मला कळत नाही होय 😄 आणि बीन्स आमच्याकडे कोण खाणार, तुझे काका?

शैलाआत्या, सांगली: शिट्टी मात्र ठेवा हसू नका. 2019 ला आमच्या मागच्या गल्लीत बोट आली तेव्हा ओरडून आवाज पोचत नव्हता, वरच्या मजल्यावरच्या पोराने शिट्टी मारली म्हणून बोटवाल्यांनी मान वर केली. बाकी यादी मात्र ज्याने लिहिली त्याने पूर बघितलेला नाही.

विकास: मग तू सांग ना आत्या, तुझ्या बॅगेत काय असतं

शैलाआत्या: सांगते. आमच्याकडे सगळं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीच्या आकड्यावर चालतं हे तुला माहितीये, 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, 2019 ला 57 च्या वर गेलं होतं. आम्ही 40 ची वाट बघत नाही, पाणी वेगाने चढतंय असं दिसलं आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याचं कळलं की पिशवी दाराशी येते. तिच्यात पहिली औषधं, ह्यांच्या बीपीच्या आणि माझ्या थायरॉईडच्या गोळ्या महिनाभराच्या, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पण, कारण गोळीचं नाव ऐनवेळी आठवत नाही नुसता रंग आठवतो. मग चष्म्याचा जादा जोड. हा कुठल्याच यादीत नसतो आणि त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही. रोख पैसे सुट्ट्या नोटांत, एटीएम बंद असतं आणि फोनवरून पैसे द्यायला रेंज लागते. कागदपत्रं दुहेरी प्लास्टिकमधे, आधार पॅन डिजीलॉकरला आहेतच पण घराची मूळ कागदं आणि पासबुक हातात पाहिजेत. गाऊन, टॉवेल, आतले कपडे. आणि किल्ल्या, सगळ्या, कपाटाच्या सुद्धा. बस एवढंच. जी पिशवी मला एका हाताने उचलून जिना चढता येते तीच खरी

सोनल: आणि कर्नाटकातलं अलमट्टी धरण?

शैलाआत्या: अलमट्टीवर ह्या ग्रुपवर चर्चा नको, मागच्या वेळी भाऊजी ग्रुप सोडून गेले होते

मिहीर, दुबई: हाहा. बाय द वे आमच्याकडे पण 2024 च्या एप्रिलमधे रस्त्यावर गाड्या तरंगत होत्या, वाळवंटात. तेव्हा कळलं की पॉवरबँक रोज भरलेली पाहिजे, लागेल तेव्हा भरू म्हणून चालत नाही. अप्पाकाका तुम्ही किंडल घ्या हो, एका चार्जिंगवर आठवडे चालतं, माळा बिळा काही नको

अप्पाकाका: मिहीर, किंडल तुला लखलाभ. मी 1970 पासून जमवलेली पुस्तकं आहेत, त्यांच्या समासात मी लिहिलेलं आहे, ते त्याच्यात येतं का. आता 22 जुलै 2021 चं ऐका, नवीन सुना जावई ग्रुपवर आहेत त्यांना माहीत नाही. रात्रभर पाऊस, वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्या भरलेल्या, खाडीला भरती असली की पाणी ओसरायला जागा मिळत नाही, आणि कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी सुद्धा शेवटी वाशिष्ठीतच येतं. पहाटे बघतो तर पाणी जिन्यात. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत गेलं. आपण वरच्या मजल्यावर म्हणून माणसं वाचली. खालच्या खोलीतली दोन कपाटं मात्र गेली. आपल्या वाचन मंदिराचं तर विचारूच नका, 1864 ची संस्था, 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि त्यातून उभी राहिली, 2013 चं साहित्य संमेलन भरवलं, आणि 2021 ला परत चिखल. मी गेलो होतो तिकडे. पुस्तक उचलावं तर हातात येतं ते पुस्तक नसतं, फुगलेली वीट असते, कपाटात इतकी घट्ट बसलेली की ओढलं तर पुठ्ठा हातात आणि पानं आतच. तेव्हापासून माझ्याकडे कपाटात पुस्तकं सैल लावलेली असतात, दोन बोटं जातील एवढी फट ठेवून.

सोनल: बाप रे. मग भिजलेली वाचवता येतात का काका?

अप्पाकाका: थोडीफार. चिखलाची असतील तर आधी बंद ठेवूनच स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवायची, उघडून चोळायचं नाही. मग पानं पंख्यासारखी पसरून उभी ठेवायची, मधे मधे कोरा कागद, वर्तमानपत्राची शाई उतरते म्हणून कोराच बरा, आणि पंख्याची हवा. कडक उन्हात टाकली की वाकतात. गुळगुळीत कागदाची, चित्रांची असतील तर वाळायच्या आत पानं सुटी करावी लागतात, एकदा वाळून चिकटली की संपलं. आणि सगळ्यांकडे एकदम बघायला वेळ नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमधे.

विकास: फ्रीजरमधे??

अप्पाकाका: होय. बुरशी थांबते, महिन्याभराने एकेक काढून वाळवता येतं. जगभरच्या ग्रंथालयांत करतात. फक्त तुझ्या काकूने मासळी हलवून जागा द्यायला हवी.

रंजनाकाकू: लाईट नसताना फ्रीजर कुठला चालतो ते पण सांगा की

शैलाआत्या: 😂😂

सोनल: बरं आता पुस्तकं सांगा, विषय भरकटला. माझं बनगरवाडी. पातळ आहे, पिशवीत वजन होत नाही, आणि व्यंकटेश माडगूळकरांनी धनगरांची वाडी अशी उभी केलीये की बाहेर धो धो पाऊस असताना आपण माणदेशात घशाला कोरड पडून बसतो. शेवटी दुष्काळ येतो तो भाग मी दरवेळी हळूहळू वाचते

शैलाआत्या: स्मृतिचित्रे. वाद नाही. आणि मनात वाचायचं नाही, मोठ्याने वाचायचं, एकाने वाचायचं बाकीच्यांनी शेंगा सोलत ऐकायचं. लक्ष्मीबाई टिळक स्वतःच्या फजितीचं असं सांगतात की दुःखाचा प्रसंग चालू असतो आणि घरात हसू फुटतं. 2019 ला आम्ही नात्यातल्या एकांकडे दहा बारा माणसं एका हॉलमधे होतो, सगळे फोन मेलेले, तेव्हा ह्याच पुस्तकावर संध्याकाळी काढल्या. पोरंसोरं पण ऐकत होती

मिहीर: माझी शिफारस काय असणार, किंडलवर घेऊन या काहीतरी

अप्पाकाका: मिहीरला ग्रुपमधून काढा. माझं ऋतुचक्र. दुर्गाबाई भागवतांनी महिन्याला एक लेख असं लिहिलंय, चैत्रापासून. आषाढात आषाढ वाचायचा, पुढचा महिना उघडायचा नाही. काही जण म्हणतात कंटाळवाणं आहे, गोष्ट नाही त्यात. नसेल. खिडकीतून बाहेर बघायची सवय लागते एवढं पुरे.

सोनल: चिनू म्हणतोय त्याचं पण लिहा, एक होता कार्व्हर. सहावीतल्या मुलाच्या मानाने जाड आहे पण शेंगदाण्याचं सगळं पाठ झालंय त्याला, काल विचारत होता आजी दाण्याचं कूट का करते, दूध का नाही करत

रंजनाकाकू: माझं रुचिरा. हसू नका. ते माळ्यावर जात नाही कधीच, ओट्याच्या वरच्या फळीवर प्लास्टिकमधे असतं. लग्नात आईने दिलेलं, हळदीचे डाग पडलेत, शंकरपाळ्यांचं पान सुटलंय. ओगलेबाईंनी वाटीचमच्याचं माप दिलं म्हणून माझ्यासारखीला स्वयंपाक आला, माझी सासू म्हणायची अंदाजाने घाल. अंदाज यायला आधी दहा वर्षं करावं लागतं ना. पण आगोटीचे पदार्थ मी आजींकडूनच शिकले ते मात्र खरं. विकास, आजी आल्यात ना तुझ्याकडे, त्यांना सातूचं विचार

विकास: आजी बोलतेय, मी टाईप करतोय, जशीच्या तशी. "गहू चांगले घे, पाण्याचा हात लाव आणि तासभर झाकून ठेव. मग मंद आचेवर भाज, घाई केलीस तर वरून काळे आतून कच्चे. तडतडायला लागले, खमंग वास आला की काढ. गव्हाच्या निम्मं डाळं घे, ते भाजलेलंच असतं. सुंठ, वेलची. गार झाल्याशिवाय दळायला देऊ नको, पीठ ओलसर होतं आणि किडे पडतात. कोरड्या डब्यात भर, चमचा ओला घालशील तर मी बोलेन. खायचं तेव्हा गूळ पाण्यात विरघळव, चिमूट मीठ, त्यात पीठ कालव. दूध असलं तर दूध, नसलं तर अडत नाही. विस्तव लागत नाही. आम्ही ह्याच्यावर दिवस काढलेत." पुढे म्हणतेय "आणि त्या पोराला सांग बीन्स खाऊ नको."

सोनल: हाहाहा आजी 🙏 ह्याला म्हणतात आपत्कालीन अन्न

शैलाआत्या: माझे दडपे पोहे. पातळ पोहे, ओलं खोबरं भरपूर, कांदा बारीक, मिरची, कोथिंबीर, मीठ, साखर, लिंबू, कैरी असेल तर किसून. हाताने चुरून कालवायचं आणि वर ताटली ठेवून तिच्यावर वरवंटा किंवा पाण्याचा तांब्या, वीस मिनिटं. खोबऱ्याच्या आणि कांद्याच्या पाण्यावर पोहे मऊ होतात, वेगळं पाणी घातलंत तर लगदा. फोडणी गॅस असला तर, शेंगदाण्याची. नसला तर आधीच तळून ठेवलेली सांडगी मिरची चुरायची, माझ्या मते फोडणीपेक्षा तेच बरं लागतं

रंजनाकाकू: कुळथाचं पीठ पण डब्यात असू द्या सगळ्यांनी. लसणाची फोडणी, दोन आमसुलं, पाणी, पीठ गुठळी न होता कालवून ओतायचं, दहा मिनिटांत पिठलं, कुकरमधे भात. एका शेगडीवर घर जेवतं. मेतकूट तर काय आहेच

मिहीर: इथे भूक लागली ना

विकास: सिलेंडरचं कोणीतरी सांगा, माझ्या बिल्डिंगमधे पाईप गॅस आहे मला अनुभव नाही

रंजनाकाकू: घरात पाणी शिरायची शक्यता दिसली की रेग्युलेटर बंद करून काढायचा, सिलेंडरला टोपी लावायची आणि दोरीने खिडकीच्या गजाला बांधायचा. सिलेंडर तरंगतो, 2021 ला रस्त्याने वाहत चाललेले बघितलेत आम्ही. नंतर वास आला तर 1906 ला फोन. लाईटचा मेन स्विच पाणी प्लगपर्यंत यायच्या आधी पाडायचा आणि पाणी ओसरलं म्हणून लगेच चालू करायचा नाही, वायरमनने बघितल्याशिवाय नाही म्हणजे नाही

अप्पाकाका: जिल्हा नियंत्रण कक्ष 1077, एरवी 112. फोनमधे आहेतच, दाराच्या मागे खडूने पण लिहा. फोन बंद पडल्यावर नंबर कुठून आठवणार.

शैलाआत्या: आणि पाणी साठवा हो पिण्याचं. माणशी रोज 3 लिटर धरून निदान तीन दिवसांचं. पुरात सगळीकडे पाणी आणि प्यायला घोट नाही अशी गत होते. नंतरचे जुलाब तर ठरलेले. ओआरएसची पाकिटं ठेवा, संपली तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट चमचे, शीग लावून नाही. मीठ जास्त झालं तर उलट त्रास. आणि चिखल काढताना गमबूट, पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचंच नाही, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप वाईट. ताप आला तर अंगावर काढू नका

सोनल: मी हे सगळं एका कागदावर लिहून चिपळूणला आणते. काका, माळ्यावर चढायला चिनूचे बाबा येतील, तुम्ही शिडीवर जायचं नाही. मी खालून देते, तुम्ही नुसतं खुर्चीत बसून सांगा कुठलं कुठे

अप्पाकाका: कडुलिंबाचा वाळलेला पाला मी जमवलाय. कपाटाच्या कागदाखाली घालायचा. डांबरगोळ्या नकोत, मला वासाने शिंका येतात. आणि खोक्यावर विषय लिहायचा, "पुस्तकं" असं लिहू नये.

रंजनाकाकू: खोकी मी आणून ठेवलीत, बिस्किटांची, मजबूत आहेत. येताना सोनल मार्केट यार्डातून जाड पॉलिथीन आण, मीटरवर मिळतं, इकडे दुप्पट भाव सांगतात. आणि पातळ पोहे

विकास: मी काय आणू?

रंजनाकाकू: तू आजींना आण

शैलाआत्या: जाता जाता, त्या मोठ्या टॉर्चला पेन्सिल सेल लागतात का जाडे? कपाटात दोन्ही सापडलेत आणि टॉर्च सापडत नाहीये

विकास: जाडे. टॉर्च तुझ्या पिशवीत असेल बघ

शैलाआत्या: पिशवीत बघितलं. शिट्टी आहे