शब्दचर्चा: ‘निष्क्रिय वायू हृदयाचं रक्षण करतात’ असं लिहावं का?

कृष्णाकाठ, मिरज

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांसाठी हृदयविकारावर एक छोटी मराठी पुस्तिका लिहिते आहे. त्यात एक परिच्छेद हेलियम, आर्गॉन, झेनॉन या वायूंवर आहे. रक्तपुरवठा तुटून ऑक्सिजन मिळेनासा झाला की हृदयाच्या पेशी मरतात. ते नुकसान या वायूंनी कमी होतं का, यावर बरंच संशोधन झालंय.

अडलंय ते नावापाशी. शाळेच्या पुस्तकांत ‘राजवायू’ आणि ‘निष्क्रिय वायू’ दोन्ही भेटतात, विश्वकोशात ‘अक्रिय वायू’. मी ‘निष्क्रिय वायू हृदयाचं रक्षण करतात’ असं लिहिलं, तर पहिल्याच वाचक काकूंनी विचारलं, “निष्क्रिय आहे तर रक्षण कसं करील गं?” प्रश्न अगदी रास्त आहे. दुसरं म्हणजे, हृदयाला आधी थोडा थोडा वेळ वायू देऊन पुढच्या संकटासाठी तयार करायचं, या क्रियेला मराठीत काय म्हणावं? ‘पूर्वानुकूलन’ वाचताना माझीच जीभ अडखळते.

वाईकर

ताई, ‘निष्क्रिय’ टाळाच. रोजच्या मराठीत तो दोषारोप आहे. निष्क्रिय सदस्य, निष्क्रिय यंत्रणा असं आपण रागानं म्हणतो. ‘अक्रिय’मध्ये तो राग नाही. विश्वकोशाचं काम आमच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली उभं राहिलं. त्या मंडळींनी ‘अक्रिय’ योजला तो रासायनिक विक्रियेपुरताच, म्हणजे इतर मूलद्रव्यांशी सहज संयोग न पावणारा.

पण तोही शब्द आता थोडा तोकडा पडतो. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांना आर्गॉन सापडला, तेव्हा तो कशाशीच संयोग पावेना, म्हणून ग्रीकमधल्या ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं. पुढं १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचं संयुग तयार केलं आणि ‘हे वायू कधीच संयोग पावत नाहीत’ हे विधान मोडलं. माझं मत ‘राजवायू’ला. सोनं, प्लॅटिनम यांना आपण राजधातू म्हणतो, ते सहजासहजी गंजत नाहीत म्हणून. वायूंनाही तोच न्याय लागू पडतो. शिवाय ‘राज’ म्हणताना तो काहीच करत नाही असा अर्थ निघत नाही.

भूलतज्ज्ञ, सातारा

‘राजवायू’ला माझाही कौल. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पुस्तिकेत एका वाक्यात द्याच: रासायनिक संयोग न होताही शरीरावर परिणाम होऊ शकतो. झेनॉन हे त्याचं ठळक उदाहरण. १९५१ मध्येच तो माणसाला भूल देण्यासाठी वापरला गेला. तो मेंदूतल्या एका प्रथिनाच्या खाचेत नुसता जाऊन बसतो, कुठलाही बंध तयार करत नाही, तरी माणूस झोपतो. महाग मात्र फार, कारण हवेच्या एक कोटी भागांत झेनॉन जेमतेम एक भाग भरतो.

आता हृदयाचं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सशांवरच्या प्रयोगात हेलियम, निऑन आणि आर्गॉन हे भूल न देणारे वायू वापरले. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांत ७० टक्के वायू दिला, मग हृदयाची एक धमनी ३० मिनिटं बांधून ठेवली आणि नंतर सोडली. ज्यांना वायू मिळाला होता त्यांच्या हृदयाचा मेलेला भाग इतरांच्या निम्म्याच्या आसपास भरला. इथं वायूनं ऑक्सिजनची जागा घेतली नव्हती. पेशीच्या स्वतःच्या बचावाच्या यंत्रणा त्यानं आधीच जाग्या केल्या. धमनी मोकळी होऊन रक्त परत धावतं त्या क्षणी तंतुकणिकेच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाच्या, आवरणात एक छिद्र उघडतं आणि पेशी मरते. ते छिद्र उघडणं या यंत्रणा रोखतात.

म्हणून ‘ऑक्सिजनच्या कमतरतेपासून रक्षण’ एवढंच लिहिलं तर अर्धी गोष्ट सुटते. इजा दोनदा होते, रक्त तुटल्यावर आणि रक्त परतल्यावर. दुसरीला मी रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलताना ‘रक्त परतल्यावरची इजा’ म्हणतो आणि त्यांना ते लगेच कळतं. ‘पुनःअभिसरणजन्य क्षती’ कळत नाही.

‘पूर्वानुकूलन’ऐवजी ‘पूर्वसंस्कार’ कसा वाटतो? ही कल्पना वायूंच्याही आधीची. १९८६ मध्ये कुत्र्यांच्या हृदयावर दिसलं की धमनी आधी पाच-पाच मिनिटं चार वेळा बंद केली, तर नंतरच्या ४० मिनिटांच्या बंदीत मेलेला भाग चौथाईवर येतो. लहान त्रास सोसून हृदय मोठ्या त्रासाला तयार होतं. ‘संस्कार’ शब्दात हे सारं येतं: आधी केलेली, टिकणारी, वस्तूचा गुण बदलणारी क्रिया.

वाईकर

डॉक्टर, ‘पूर्वसंस्कार’ नको. मराठीत त्याला पूर्वजन्माचा वास आहे. ‘पूर्वसंस्करण’ म्हणा, म्हणजे ती कुणीतरी केलेली क्रिया ठरते.

कुपवाड एमआयडीसी

तुमची चर्चा वाचून राहवलं नाही. आमच्या शॉपमध्ये टिग वेल्डिंगला, म्हणजे आर्गॉनच्या आडोशात धातू जोडण्याला, सगळे ‘आर्गॉन वेल्डिंग’च म्हणतात. सिलिंडर कोपऱ्यात उभा असतो. ताई, तुमच्या पुस्तिकेत ‘आर्गॉन हृदयाचं रक्षण करतो’ असं वाक्य कुणी वाचलं तर? आर्गॉन हवेपेक्षा जड. टाकीत उतरून वेल्डिंग करताना गळती झाली तर तो खाली साठतो, ऑक्सिजन हुसकावतो आणि माणूस जागीच पडतो. त्याला गुदमरल्यासारखंसुद्धा होत नाही. आम्हाला सुरक्षा प्रशिक्षणात हे बजावून सांगतात. ‘गुदमरणे’ म्हटलं की माणूस तडफडेल, हाक मारेल असं वाटतं. इथं तसं काही घडत नाही, म्हणून तो शब्द आमच्या पोरांची फसवणूक करतो.

भूलतज्ज्ञ, सातारा

दादा, फार महत्त्वाचं बोललात. श्वास कोंडल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यानं होते. आर्गॉन ओढताना कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासाबरोबर बाहेर जातच असतो, म्हणून धोक्याची सूचना मिळत नाही. ताई, सशांच्या प्रयोगात ७० टक्के वायूबरोबर उरलेला ३० टक्के ऑक्सिजन होता, म्हणजे साध्या हवेतल्या २१ टक्क्यांहून जास्त. हा आकडा वगळून वाक्य छापू नका.

आणि ‘करतात’ हे क्रियापदही बदला. माणसांमध्ये चित्र अजून धूसर आहे. बायपासच्या रुग्णांना हेलियम देऊन पाहिला, पण हृदयाची इजा दाखवणारं ट्रोपोनिन त्यानं कमी झालं नाही. फिनलंडमध्ये हृदय बंद पडून वाचलेल्या ११० बेशुद्ध रुग्णांवर झेनॉनचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याचं, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंचं, नुकसान एमआरआयवर कमी दिसलं, मृत्यूंमध्ये मात्र ठाम फरक सिद्ध झाला नाही.

कृष्णाकाठ, मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. परिच्छेद असा बदलला आहे:

“हेलियम, निऑन, आर्गॉन या राजवायूंनी पूर्वसंस्करण केल्यावर, रक्त तुटल्यामुळे आणि रक्त परतल्यावर होणारी हृदयपेशींची इजा सशांमध्ये कमी झाल्याचं दिसलं. त्या मिश्रणात ३० टक्के ऑक्सिजन होता. माणसांसाठी हा उपचार अजून सिद्ध झालेला नाही. कारखान्यातला आर्गॉन हुंगणं जीवघेणं आहे. छातीत दुखू लागलं तर वेळ न दवडता ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात जा.”

कुपवाड एमआयडीसी

‘हुंगणं’ काढा ताई. आर्गॉनला वासच नसतो, मग वास आला नाही म्हणजे धोका नाही असं कुणीतरी समजेल. ‘श्वासात जाणं’ लिहा.